पितळ उघडे पडते तेव्हा

एखाद्याने घेतलेले सोंग टिकले नाही की 'त्याचे पितळ उघडे पडले' असे आपण सहज म्हणून जातो. मुलामा सोन्याचा असो वा कल्हईचा, तो झिजला की खालचे पितळ दिसू लागते, एवढाच या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ. पण कल्हई गेलेल्या भांड्यात पितळ खरोखरच उघडे पडते तेव्हा काय घडते, याचा विचार आपण सहसा करत नाही. स्वयंपाकघरात ताक किंवा आमटी 'कळकते', एवढे आजीला ठाऊक असते. त्यापलीकडे या प्रश्नाचा संबंध तान्ह्या मुलांच्या जिवाशी आहे, आणि तो उलगडण्याचे महत्त्वाचे काम पुण्यात झाले. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी पितळ म्हणजे काय, इथून सुरुवात करू.

दोन धातू, एक स्फटिक

पितळ हे तांबे आणि जस्त यांचे संमिश्र आहे. तांबे आणि कथील एकत्र केले तर ब्राँझ मिळते. त्यात कथलाचे प्रमाण २० ते २२ टक्क्यांपर्यंत वाढवले की काशाची घंटा घडवण्याजोगा नादमय धातू मिळतो. म्हणून 'पितळ, कांसे, ब्राँझ सगळे सारखेच' ही समजूत वर्गात प्रथम दूर करावी. तिन्हींत मुख्य धातू तांबे आहे. फरक पडतो तो जोडीदारामुळे.

तांब्याच्या स्फटिकात अणूंची मांडणी पृष्ठकेंद्रित घनाकृती असते. जस्ताचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा जेमतेम चार टक्क्यांनी मोठा. त्यामुळे तांब्याच्या स्फटिकातील काही अणूंच्या जागी जस्ताचे अणू सहज बसू शकतात. आकारातला हा किरकोळ फरक मोठे काम करतो. धातू वाकतो तेव्हा त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. मध्येमध्ये बसलेल्या किंचित मोठ्या अणूंमुळे हे सरकणे अवघड होते आणि धातू अधिक कणखर बनतो. म्हणून पितळ तांब्यापेक्षा कठीण असते. विशेष म्हणजे जस्ताचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत नेले तर मजबुतीबरोबर तन्यताही वाढते. एक गुण वाढला की दुसरा घटतो, असा धातूंबाबतचा नेहमीचा अनुभव. पितळ त्याला अपवाद आहे.

जस्ताचे प्रमाण वाढत जाते तसा रंग बदलतो. पाच-दहा टक्के जस्त असलेले पितळ तांबूस दिसते, १५ ते २० टक्क्यांना सोन्यासारखी छटा येते, तर ३० टक्क्यांच्या आसपास आपल्या ओळखीचा पिवळा रंग मिळतो. जस्त साधारण ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर सगळे अणू तांब्याच्याच रचनेत सामावतात. याला अल्फा पितळ म्हणतात. ते थंड असतानाही ठोकता, दाबता, ओढता येते. त्यापुढे बीटा नावाची वेगळी रचना तयार होऊ लागते. असे पितळ थंड असताना कमी लवचीक, पण तापवल्यावर उत्तम घडते. ६० टक्के तांबे व ४० टक्के जस्त असलेल्या पितळाचे एकस्व बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मुंट्झ यांनी १८३२ साली घेतले. लाकडी जहाजांच्या तळाला ठोकायचे पत्रे त्याचे करत. जस्त ५० टक्क्यांच्या पुढे गेले की मिळणारा पदार्थ इतका ठिसूळ असतो की भांडी करण्याच्या कामाचा राहत नाही.

अणू एकमेकांत कसे बसतात, याचा अप्रत्यक्ष पुरावा साध्या गणितातून मिळतो. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, जस्ताची ७.१३ ग्रॅम. ७० ग्रॅम तांब्याचे आकारमान ७.८ घन सेंटिमीटर, तर ३० ग्रॅम जस्ताचे ४.२. दोन्ही मिळून १२ घन सेंटिमीटर. म्हणजे १०० ग्रॅम पितळाची घनता ८.३ यायला हवी. प्रत्यक्षात ती ८.५ च्या वर असते. जस्ताची स्वतःची स्फटिकरचना काहीशी सैल असते. तेच अणू तांब्याच्या दाट रचनेत बसले की कमी जागा व्यापतात. शाळेच्या तराजूचे एखादे भरीव पितळी वजन पाण्यात बुडवून घनता काढली, तर मुलांना हे पडताळता येईल. मात्र काही वजनांच्या तळाशी शिशाची गोळी ठोकलेली असते. असे वजन प्रयोगासाठी घेऊ नये.

निसटणारे जस्त

तांबे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत होते. जस्त मात्र फार उशिरा वेगळे करता आले. याचे कारण दोन तापमानांत आहे. जस्ताच्या ऑक्साइडचे कोळशाने क्षपण करायला साधारण ९५० अंश सेल्सियस किंवा अधिक तापमान लागते. जस्ताचा उत्कलनांक आहे ९०७ अंश. म्हणजे जस्त मुक्त होते तेच वाफेच्या रूपात. ही वाफ उघड्या भट्टीत हवेला भेटली की पुन्हा ऑक्साइड होऊन पांढऱ्या धुराच्या रूपात निघून जाते. भट्टीच्या तळाशी धातू काही सापडत नाही.

यावर प्राचीन कारागिरांनी एक वाट काढली. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एका बंद मुशीत घालून तापवायचे. निघालेली जस्ताची वाफ थेट तांब्यातच शोषली जाते व पितळ तयार होते. जस्त हा स्वतंत्र धातू डोळ्यांना न दिसताही! रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातील पितळी नाणी याच पद्धतीने केलेल्या पितळाची होती. या पद्धतीत जस्ताचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही.

वाफ थंड करून जस्त मिळवण्याचे तंत्र मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरले गेले ते भारतात. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे १९८० च्या दशकात हिंदुस्तान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून संशोधन केले. तेथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींचे ढीगच्या ढीग आहेत. एका भट्टीत अशा ३६ मुशी उलट्या, तोंड खाली करून बसवत. वर आग, मध्ये छिद्रांची जाळी आणि खाली थंड कप्पा. वाफेला वर जायला वाव नसे. ती खाली उतरून थंड होई आणि भांड्यात जस्त जमा होई. 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथातही याच तत्त्वाचे वर्णन आढळते. युरोपात जस्ताचे औद्योगिक उत्पादन विल्यम चॅम्पियन याने ब्रिस्टल येथे सुरू केले. त्याचे एकस्व १७३८ सालचे आहे.

जस्ताचा निसटण्याचा स्वभाव आजही पितळ ओतणाऱ्या कारागिराला छळतो. पितळ वितळवताना निघणारा पांढरा धूर म्हणजे जस्ताचे ऑक्साइड. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. हा ताप दिवस-दोन दिवसांत उतरतो खरा, पण ओतशाळेत हवा खेळती असणे किती आवश्यक आहे हे त्यावरून कळते.

गुण तसे काम

पितळ कुठे वापरायचे हे त्याच्या गुणांवरून ठरते. ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त असलेले पितळ पत्र्यापासून खोल दाबून भांडे किंवा बंदुकीचे काडतूस बनवायला उत्तम. लेथवर कातायच्या वस्तूंसाठी, म्हणजे नळाच्या तोट्या, स्क्रू, कुलपांचे भाग यांसाठी, पितळात दोन-तीन टक्के शिसे घालतात. शिसे पितळात विरघळत नाही. त्याचे बारीक कण सर्वत्र विखुरतात आणि कातताना कीस लांब न निघता तुटून पडतो. विजेच्या प्लगच्या पिना पितळेच्या असतात. खरे तर पितळाची विद्युतवाहकता शुद्ध तांब्याच्या एक-चतुर्थांशाच्या आसपासच असते. पण पिना आखूड व जाड असल्याने तेवढी पुरते, आणि वारंवार घालण्या-काढण्याने मऊ तांबे झिजले असते तसे पितळ झिजत नाही. हार्मोनियमच्या स्वरपट्ट्याही पितळेच्याच. पितळ आपटले तर ठिणगी उडत नाही, म्हणून स्फोटक पदार्थांच्या कारखान्यांत पितळी हत्यारे वापरतात.

पितळाची एक दुबळी बाजू हिंदुस्थानातच प्रथम ठळकपणे दिसली. ब्रिटिश लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवून ठेवत. पावसाळा संपेपर्यंत त्यांना भेगा पडलेल्या असत. काडतूस दाबून घडवताना धातूत ताण अडकून राहतो. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया व दमट हवा यांनी त्या ताणलेल्या जागी पितळ कुरतडले जाते. हे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. घडवलेली वस्तू मंद तापवून अडकलेला ताण घालवणे, हा त्यावरचा उपाय.

कल्हईचे रसायन

आता स्वयंपाकघरात येऊ. आंबट पदार्थ आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की पितळातील तांबे व जस्त दोन्ही थोडेथोडे विरघळतात. कळकलेल्या ताकाची विचित्र चव व हिरवट झाक ही त्या तांब्याची. हे टाळण्यासाठी भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई.

कल्हईवाल्याची कृती आठवून पाहा. भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यावर भांडे तापवायचे, आत नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र फिरवायचे. तापलेल्या भांड्यात नवसागराचे विघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू निघतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो. उघड्या झालेल्या स्वच्छ धातूवर कथील पाण्यासारखे पसरते व घट्ट चिकटते. ऑक्साइड राहिले तर कथलाचे नुसते मणी होऊन गडगडतील. कथलाचा द्रवणांक अवघा २३२ अंश असल्याने साधी शेगडीही पुरते. अन्नातील सौम्य आम्लांचा कथलावर फारसा परिणाम होत नाही. मात्र कथील शुद्ध हवे. स्वस्तात काम व्हावे म्हणून त्यात शिसे मिसळले तर दोष झाकण्याऐवजी विषच अन्नात उतरते.

कथील मऊ असते. राखेने, काथ्याने रोज घासल्यावर थर काही महिन्यांत झिजतो आणि पितळ उघडे पडते. दारावर येणारा कल्हईवाला येईनासा झाला की हे भांडे तसेच वापरात राहते.

तान्ह्या बाळाचे दूध

भारतात एके काळी लहान मुलांना होणारा यकृताचा एक विकार फार भीतिदायक समजला जाई. सहा महिने ते चार-पाच वर्षांची मुले. पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण होई, कावीळ दिसे आणि बहुतेक मुले दगावत. वैद्यकात त्याला भारतीय बालयकृतकाठिण्य म्हणत. या मुलांच्या यकृताची तपासणी केली तेव्हा त्यात तांब्याचे प्रमाण प्रचंड आढळले. निरोगी यकृतात, कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे, ते ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. या मुलांत ते शेकडोंत, अनेकदा हजाराच्याही पुढे गेलेले असे.

हे तांबे येते कोठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास बारकाईने पाहिला. आईच्या दुधाऐवजी फार लवकर गाई-म्हशीचे दूध सुरू झालेले, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा ठेवलेले, असे चित्र पुन्हा पुन्हा समोर आले. या गटाचा निबंध १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निरोगी मुलांच्या आहाराशी तुलना करणारा अभ्यास १९८७ मध्ये आला.

दूध आंबट नसताना त्यात तांबे का उतरावे, हा प्रश्न विद्यार्थी नक्की विचारतील. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याच्या आयनांना बांधून ठेवते. पृष्ठभागावरून सुटलेला आयन असा पकडला गेला की पुढच्या आयनाला सुटायला मोकळीक मिळते. त्यात दूध पुन्हा पुन्हा तापवले, तासन्‌तास त्याच भांड्यात ठेवले, की प्रमाण वाढत जाते. दुसरे कारण बाळाच्या शरीरात आहे. यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. जन्मतः बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मोठाच असतो व ते बाहेर टाकण्याची यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. मोठ्या माणसाला जे पचते ते बाळाला पचत नाही.

तरीही पितळेच्या भांड्यातले दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडत नव्हते. म्हणजे काही मुलांत आनुवंशिक दुबळेपणाही असावा. ऑस्ट्रियातील टायरॉल भागाचा दाखला येथे उपयोगी पडतो. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने दगावली. तेथील शेतकरी कुटुंबे तान्ह्या मुलांसाठी दूध तांब्याच्या भांड्यात तापवत. आजार विशिष्ट घराण्यांतच होता, म्हणजे आनुवंशिकतेचा भाग होता. पण भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. दोन कारणे एकत्र आल्यावरच जी घटना घडते, ती त्यांतले एक दूर केले तरी टळते. आनुवंशिकता आपल्या हाती नसते, भांडे असते. आपल्याकडेही स्टीलची भांडी घराघरांत आली, दुधाच्या भांड्याबाबत सल्ला दिला जाऊ लागला, आणि हा विकार दुर्मीळ झाला.

मग पितळ वाईट का?

तसे म्हणणेही चूक ठरेल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटिश व भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी पितळेच्या व मातीच्या भांड्यांत ई. कोलाय जीवाणू असलेले पाणी ठेवून पाहिले. पितळेच्या भांड्यातील जिवंत जीवाणू दोन दिवसांत मोजता येणार नाहीत इतके कमी झाले. पितळेतून सुटणारे तांब्याचे अत्यल्प आयन हेच त्याचे कारण. साध्या पाण्यात तांबे पकडून ठेवणारे आम्ल वा प्रथिन फारसे नसल्याने ते फार उतरत नाही. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. पण याच आधारावर 'पितळेच्या भांड्यातले सगळेच पथ्यकर' असे जे सर्रास सांगितले जाते ते टिकत नाही. जीवाणूला मारणारा आणि बाळाच्या यकृतात साठणारा आयन एकच आहे. किती, कशात, किती वेळ आणि कोणाच्या पोटात, हे प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

शिशाबद्दलही सावध राहावे. ओतीव किंवा कातीव पितळेत शिसे असण्याचा संभव असतो. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याशी संपर्क येणाऱ्या नळ-जोडण्यांत शिशाचे सरासरी प्रमाण ०.२५ टक्क्याहून अधिक चालत नाही. म्हणून ओतीव शोभेची वाटी किंवा पेला खाण्यापिण्यासाठी वापरू नये. समई, निरांजन, घंटा, अडकित्ता यांना मात्र ही अडचण नाही.

जुने भांडे मोडीत काढताना दुकानदार फक्त वजन पाहतो. तीन किलोचा ७०:३० प्रमाणाचा हंडा म्हणजे २.१ किलो तांबे आणि ०.९ किलो जस्त. तांब्याचा भाव जस्तापेक्षा बराच अधिक असल्याने हंड्याची बहुतेक किंमत तांब्याची. पितळ कितीही वेळा वितळवून वापरता येते, आणि खनिजापासून धातू काढण्यापेक्षा त्याला पुष्कळ कमी ऊर्जा लागते. घडणावळीची किंमत तेवढी मोडीत जाते. ज्या हंड्यात पाणी भरता येते किंवा धान्य ठेवता येते तो मोडण्याची घाई नको. दुधाचे, ताकाचे, आमटीचे पातेले मात्र कल्हई असल्याशिवाय चुलीवर चढवू नये.

वर्गासाठी

पितळेचा एक तुकडा व्हिनेगरमध्ये अर्धा बुडेल असा रात्रभर ठेवा. सकाळी ते व्हिनेगर परीक्षानळीत घेऊन त्यात अमोनियाचे द्रावण थेंब थेंब, वास टिकून राहीपर्यंत घाला. गडद निळा रंग आला तर तांबे उतरले आहे. जस्तही उतरलेले असते, पण त्याचे द्रावण रंगहीन असल्याने दिसत नाही. हाच प्रयोग नवी कल्हई केलेल्या भांड्यात व कल्हई झिजलेल्या भांड्यात करून तुलना करता येईल. खोली हवेशीर असावी, प्रयोगाचे द्रव कोणी चाखू नयेत, आणि ती भांडी नंतर स्वच्छ धुवावीत.

चिंच लावून फार वेळ ठेवलेल्या पितळेवर कधी तांबूस डाग पडतात. आम्लाने पृष्ठभागावरचे जस्त अधिक वेगाने निघून तेथे तांबे उरते. 'रसरत्नसमुच्चय'कारांनी पितळाचे दोन प्रकार सांगताना परीक्षाही दिली आहे: तापवून आंबट कांजीत बुडवल्यावर जी तांबूस होते ती रीतिका, काळी पडते ती काकतुंडी. शेकडो वर्षांपूर्वी हे निरीक्षण कसे केले असेल, यावर विद्यार्थ्यांना विचार करू द्यावा.

शेवटी, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील पितळी वस्तूंची यादी करून आणावी. वस्तू कोणती, पत्र्याची की ओतीव, कल्हई आहे की नाही, शेवटची कल्हई कधी झाली आणि त्या भांड्यात काय ठेवतात, एवढे पाच रकाने पुरेत. घरात तान्हे मूल असेल तर त्याचे दूध कोणत्या भांड्यात तापते, हे विचारायला विसरू नये.